बंदिश

हिंदुस्थानी रागसंगीतात राग, ताल आणि शब्द यांत आधीच बांधून ठेवलेली छोटी रचना म्हणजे बंदिश. गवय्यांच्या बोलण्यात तिला ‘चीज’ म्हणतात. मैफलीतला बाकीचा विस्तार, म्हणजे आलाप (संथ स्वरविस्तार), बोलआलाप (शब्द घेऊन केलेला आलाप), ताना (वेगवान स्वरमाला), हा गायक त्या त्या वेळी करतो. बंदिश मात्र गुरूकडून शिकलेली असते आणि प्रत्येक फेरीनंतर गायक तिच्याकडेच परततो. स्वर, लय, ताल, राग ही संगीताची मूलतत्त्वे एरवी व्याख्यांतून पाठ केली जातात. ती एकमेकांत गुंतलेली ऐकायची असतील, तर बंदिशीची पहिली ओळ पुरते.

ख्याल या गायनप्रकारातल्या बंदिशीचे दोन भाग असतात : स्थायी आणि अंतरा. ध्रुपद या जुन्या गायनप्रकारात त्यांच्या जोडीला संचारी आणि आभोग येतात. स्थायी साधारणपणे मंद्र (खालच्या) व मध्य सप्तकात फिरते. अंतरा मध्य सप्तकातून उठून तार षड्जावर (वरच्या ‘सा’वर) जातो आणि परत खाली येतो. पण सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे स्थायीचा मुखडा, समेकडे नेणारा तो लहानसा तुकडा. सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची, म्हणजे एका पूर्ण फेरीची, पहिली मात्रा (ठोका). ती कोणत्या स्वरावर आणि कोणत्या अक्षरावर पडते, हे ठरले की बंदिशीचे निम्मे काम झाले.

तीनतालाचे उदाहरण घेऊ. मात्रा १६, चार-चारांचे चार विभाग. टाळी पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेला, ‘खाली’ (टाळी न वाजवता हात उघडा दाखवायची जागा) नवव्या मात्रेला. मध्य किंवा द्रुत (जलद) लयीतल्या कितीतरी बंदिशी नवव्या मात्रेवरून उठतात, म्हणजे समेपर्यंत पोचायला आठ मात्रा मिळतात. भूप रागात या आठ मात्रा ‘सां सां ध प । ग रे सा रे’ अशा भरल्या आणि सम गंधारावर (ग) घेतली, तर राग तिथल्या तिथे उभा राहतो, कारण भूपाचा वादी (मुख्य) स्वर गंधारच आहे. आता यांतलेच स्वर ‘सां सां ध प । ग प ध प’ असे फिरवून सम धैवतावर (ध) टाकली, तर ऐकणाऱ्याला देशकार राग दिसू लागतो. सा, रे, ग, प, ध या स्वरांची यादी दोन्ही रागांत एकच आहे. वजन कुठे पडते आणि चाल कशी आहे, यावर राग ठरतो. नुसते आरोह-अवरोह पाठ करून राग ओळखू पाहणारे इथेच फसतात.

श्रोत्याला सम सापडणे ही ऐकण्याची पहिली पायरी आहे आणि त्यासाठी तबल्याकडे कान लावणे सर्वांत सोपे. तीनतालाचा ठेका, म्हणजे तबल्यावरचे ठरलेले बोल, ‘धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा’ असा आहे. खाली नवव्या मात्रेला मोजतात खरी, पण तिथेही ‘धा’च वाजतो, डग्ग्याचा (डाव्या हाताने वाजणाऱ्या भागाचा) घुमारा प्रत्यक्षात दहाव्यापासून तेराव्या मात्रेपर्यंत नाहीसा होतो आणि चौदाव्याला परत येतो. तो परतला की सम तीन मात्रांवर आहे असे समजावे. रूपकात गंमत उलटी : सात मात्रांच्या या तालात सम हीच खाली आहे, म्हणून ‘ती ती ना । धी ना । धी ना’ ऐकताना नवख्याला चौथी मात्राच सम वाटते. विलंबित (संथ लयीच्या) एकतालात तर एका मात्रेचेही चार भाग मोजावे लागतात. तिथे मात्रा मोजत बसण्यापेक्षा मुखड्याचे शब्द ओळखून थांबलेले बरे.

बंदिश बांधणाऱ्याचा हिशेब थोडा वेगळा असतो. शब्द बहुतेक वेळा ब्रज वळणाचे असतात आणि त्यामागे परंपरेइतकीच सोयही आहे. ‘पिय’ दोन मात्रांचा, ‘पिया’ तीन, ‘पियरवा’ पाच. जागा असेल तसा शब्द आखडता किंवा सैल करता येतो. समेवर दीर्घ, मोकळा स्वर असलेले अक्षर आले तर गायकाला तिथे आवाज लावता येतो. जोडाक्षर आले तर सम अडखळते. विलंबित ख्यालासाठी शब्द थोडे लागतात, द्रुत बंदिशीत ते दाटीने बसतात आणि त्यांच्या अक्षरांतूनच लयीचा खेळ उभा राहतो. तराण्यात तर अर्थाचे शब्दच नसतात. ‘दिर दिर’, ‘तोम’, ‘तननन’ अशा बोलांवर सगळा भार असतो. काव्य म्हणून वाचायला गेल्यास अनेक नावाजलेल्या चिजा सामान्य वाटतात, पण त्यांना कवितेची मोजपट्टी लावणे अन्यायाचे आहे.

शब्द आणि चाल दोन्ही रचणाऱ्याला वाग्गेयकार म्हणतात. त्याची छाप, म्हणजे टोपणनाव, बहुधा अंतऱ्यात येते. मुहम्मदशाहाच्या (कारकीर्द १७१९–१७४८) दरबारातील नियामतखाँ यांची ‘सदारंग’ ही छाप सर्वांत प्रसिद्ध. पुढच्या काळात फैयाजखाँ ‘प्रेमपिया’, श्रीकृष्ण रातंजनकर ‘सुजन’, जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणिदास’, रामाश्रय झा ‘रामरंग’ या छापांनी रचना करत. छाप दिसली म्हणून रचना त्याच माणसाची, असे मात्र धरून चालू नये. मोठ्याचे नाव घालून चीज पुढे करण्याची रीत जुनी आहे.

घराण्यांत चिजा जपून, कधी लपवूनही ठेवल्या जात. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी उस्तादांकडून त्या मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापल्या. त्यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली व तार स्वरावर टिंब असते. मींडेसाठी (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी) कमान आणि कणस्वरासाठी (ओझरत्या स्वरासाठी) वर लहान अक्षर. दरबारी रागातल्या गंधाराचे आंदोलन, म्हणजे संथ हेलकावा, कागदावर उतरत नाही, ही तक्रार खरी आहे. पण ही पुस्तके नसती तर कित्येक चिजा आज ऐकायलाही मिळाल्या नसत्या.

महाराष्ट्रात बंदिश घराघरांत गेली ती संगीत नाटकांच्या वाटेने. ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकासाठी भास्करबुवा बखले यांनी पदांना चाली देताना मैफलीतल्या चिजांचाच आधार घेतला. नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि मूळ चिजेची ‘चाल’ देण्याची पद्धत होती. तिच्यामुळे ज्यांनी ख्याल कधी शिकला नाही, त्यांच्याही ओठांवर मुखडे बसले.

वाद्यसंगीतात बंदिशीचे काम गत, म्हणजे वाद्यासाठी बांधलेली रचना, करते. सतारीवरील मसीतखानी गत तीनतालात बाराव्या मात्रेवरून उठते आणि ‘दिर दा दिर दा रा’ या सतारीच्या बोलांच्या पाच मात्रा संपल्या की पुढच्या ‘दा’वर सम येते.