जुन्या डिजिटल घड्याळांचा संग्रह (ग्रामीण विदर्भ)

वेळेखेरीज आणखी काही करून दाखवणारी, साधारण १९७० ते १९९५ या काळातली डिजिटल घड्याळे शोधून, चालू करून जपण्याचा छंद. विदर्भाच्या खेड्यांत घड्याळाला ‘घडी’ म्हणतात आणि ते दुरुस्त करणारा तो ‘घडीसाज’. हा संग्रह बहुतेक त्याच्याच खणातून उभा राहतो.

हॅमिल्टन कंपनीचे ‘पल्सर’ हे मनगटी घड्याळ १९७२मध्ये विक्रीला आले, किंमत २,१०० डॉलर. त्याचे लाल आकडे बटन दाबल्यावरच उजळत, कारण दिवे सेल खात. उन्हात तर ते दाबूनही नीट दिसत नाहीत. मे महिन्यात वावरात उभ्या कास्तकाराला अशी घडी काय कामाची? १९७३मध्ये सेकोने सहा आकड्यांचा द्रवस्फटिकी (एलसीडी) पडदा आणला. तो इतकी कमी वीज घेई की आकडे सतत दिसू लागले आणि कंपन्यांना हौस सुचली. कॅसिओने १९८०मध्ये सी-८०मध्ये कॅल्क्युलेटर बसवला, तर १९८४च्या एटी-५५०मध्ये काचेवर बोटाने आकडा काढला की हिशेब होई. सेकोच्या १९८२च्या टीव्ही-घड्याळाचा रिसीव्हर मात्र वेगळा, खिशात ठेवून वायरने जोडायचा. टायमेक्सच्या १९९४च्या ‘डेटालिंक’ला कॉम्प्युटरच्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या पट्ट्यांतून माहिती मिळे, त्यासाठी आजही जुना डबा मॉनिटर लागतो, सपाट पडद्यावर ते जमत नाही.

खेड्यांत यातले फार थोडे पोचले. आठवडी बाजारात आली ती हाँगकाँगी, बिननावाची, धून वाजवणारी. तरी ‘जादाच्या’ सोयी इथे रिकाम्या राहिल्या नाहीत. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोड्यांमधला फरक सेकंदाच्या अंशांत असतो, तिथे स्टॉपवॉच हवेच. रात्रीच्या थ्री फेज लायनीच्या (विजेच्या) वेळी उठून मोटर चालू करायला गजर हवा. म्हणून अशा घडीला संग्राहक दुर्मीळ नमुन्याइतकाच मान देतात, आणि तो रास्तच आहे.

उन्हाळा हा संग्रहाचा खरा शत्रू. घड्याळातला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्याची चाल साधारण २५ अंशांना सर्वांत जलद असते. त्यापासून तापमान कुठेही सरकले की तो मंदावतो. टिनाच्या घरात ४५ अंशांत पडलेली घडी दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास मागे पडते. मनगटावर असेल तर कमी, कारण अंग त्या हवेपेक्षा थंड असल्याने तिला फार तापू देत नाही. फार तापली की पडदाच काळवंडतो, सावलीत ठेवल्यावर पूर्ववत होतो. उष्णतामापी घड्याळे अंगावर असताना हवेचे खरे तापमान सांगत नाहीत. काढून थोडा वेळ ठेवावी लागतात. चंद्रपूरच्या उन्हात ही परीक्षा घेण्यात वेगळीच मजा आहे.

दुरुस्तीत आकड्याची एखादी रेघ गायब असेल तर पडद्याखालची रबरी पट्टी स्पिरिटने पुसली की बहुधा परत येते. आकडे फिके पडले असतील तर वरची ध्रुवण (पोलरायझर) फिल्म बदलता येते. पडद्यात काळा डाग पसरला असेल तर उपाय नाही. मुकी झालेली घडी निराळी: बझरशी जोडणारी केसाएवढी स्प्रिंग सेल बदलताना कुणाच्या तरी हातून निसटलेली असते, आणि ती शोधायला घडीसाजाच्या टेबलाखाली चुंबक फिरवावे लागते.

ठेवून द्यायच्या घडीतला सेल काढून घेतात. गळलेला सेल आतली सर्किटची पाटी खातो.