प्रचाराचा खर्च सरकारने उचलायचा का? एका रखडलेल्या वादाची पार्श्वभूमी

विधानसभेची निवडणूक लागली की ठाण्याचे जिल्हा निवडणूक कार्यालय दरपत्रक ठरवते. चहा, वडापाव, खुर्च्या, मंडप, रिक्षावरचा भोंगा, सगळ्यांचे दर. ओवळा-माजिवड्यातला उमेदवार असो की ऐरोलीतला, त्याच्या सभेत किती चहा झाला हे खर्च पथक स्वतःच्या वहीत टिपते आणि त्याच्या हिशेबाशी ताडून पाहते. मर्यादा ४० लाख रुपये. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही. वडापाव मोजायचा आणि स्टार प्रचारकाचे हेलिकॉप्टर सोडून द्यायचे, असा हा कारभार.

ही फट १९७४ची. दिल्लीच्या अमरनाथ चावला यांची खासदारकी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच खात्यात धरायचा, असा तो निकाल. काही आठवड्यांतच वटहुकूम निघाला आणि पक्षाचा खर्च हिशेबातून वगळला गेला. पुढे २००३च्या दुरुस्तीने ही सूट बरीच आवळली, पण स्टार प्रचारकांचा प्रवास मोकळाच राहिला.

पैसा येतो कुठून, हा प्रश्न त्याहून जुना. टाटांच्या पोलाद कंपनीला राजकीय देणग्या देता याव्यात म्हणून तिच्या नियमावलीत बदल हवा होता. १९५७ साली मुंबई उच्च न्यायालयात न्या. छागलांनी परवानगी दिली, पण यात लोकशाहीला धोका आहे, हेही बजावले. १९६९मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली. देणग्या थांबल्या नाहीत, पावत्या तेवढ्या थांबल्या. १९८५मध्ये बंदी उठली.

सरकारने खर्च द्यावा, ही सूचना गांभीर्याने पुढे आली ती १९९०च्या दिनेश गोस्वामी समितीत. रोख नको, वाहनांचे इंधन, माइकचे भाडे, जादा मतदार याद्या, मतदार चिठ्ठ्या द्या, असे समितीचे म्हणणे. १९९८मध्ये इंद्रजित गुप्ता समितीने केंद्राचे वर्षाला ६०० कोटी आणि सर्व राज्यांचे मिळून तेवढेच, असा निधी सुचवला. मदत फक्त मान्यताप्राप्त पक्षांना. अपक्षांना काही नाही. पुढे २०१५मध्ये विधी आयोगाने संपूर्ण सरकारी खर्च सध्या शक्य नाही, असे सांगितले.

तुकड्यातुकड्याने मात्र आपण आजही पैसे मोजतोच. पक्षांच्या उत्पन्नाला १९७९पासून करमाफी आहे. मान्यताप्राप्त पक्षांना दूरदर्शन-आकाशवाणीवर मोफत वेळ मिळतो, त्यांच्या उमेदवारांना मतदार यादी फुकट. पूर्वी मतदार चिठ्ठी पक्षाचे कार्यकर्ते आणून द्यायचे, आता बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राचा सरकारी कर्मचारी देतो. गोस्वामींच्या यादीतली एक गोष्ट अशी मागच्या दाराने आलीच.

पक्षांना नाव उघड न करता देणगी देण्याची सोय असलेले निवडणूक रोखे फेब्रुवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले. निकालानंतर उमेदवाराला खर्चाचा हिशेब ३० दिवसांत द्यावा लागतो. पक्षाला त्यासाठी ७५ दिवस मिळतात.