रंग ओला असतो तेव्हा

बंपर खांबाला घासतो, गॅरेजमध्ये जातो आणि रंगवून परत येतो. रंगाच्या छटेचा कोड तोच, डबाही चांगल्या कंपनीचा. पण गाडी उन्हात उभी केली की फेंडरमध्ये (चाकावरच्या पत्र्यात) समोरच्या इमारतीची कड सरळ रेघेसारखी दिसते आणि बंपरमध्ये तीच कड थरथरल्यासारखी. हात फिरवला तर काही लागत नाही. नीट निरखलं की दिसतं, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा झालाय.

अशा वेळी दोष रंगावर ढकलला जातो. खरं तर रंग स्प्रे गनमधून सुटतो तेव्हापासून तो घट्ट होईपर्यंत जी मोजकी मिनिटं जातात, त्यांतच फिनिश ठरून गेलेलं असतं.

गन रंगाचे बारीक थेंब करते. ते पत्र्यावर आदळून पसरतात, एकमेकांत मिसळतात आणि मागे बारीक उंचवटे-खळगे ठेवतात. रंग ओला असेपर्यंत हे उंचवटे आपोआप बसतात. ते वजनाने बसत असावेत असं वाटतं, पण काही मिलिमीटर रुंदीच्या लाटा मोडण्याचं काम मुख्यतः पृष्ठताण करतो. द्रवाला आपलं क्षेत्रफळ कमीत कमी ठेवायचं असतं, आणि सपाट पृष्ठभागाचं क्षेत्रफळ सर्वांत कमी. ऑर्चर्ड या संशोधकाने १९६०च्या दशकात याचं गणित मांडलं आणि रंगरसायनशास्त्रात ते आजही वापरलं जातं. त्यातल्या दोन गोष्टी प्रत्येक रंगाऱ्याला सांगाव्यात अशा आहेत. सपाट होण्याचा वेग थराच्या जाडीच्या घनाने वाढतो. म्हणजे ओला थर दुप्पट जाड असेल तर तो आठपट वेगाने सपाट होतो. दुसरं म्हणजे, लाट दुप्पट रुंद असेल तर ती बसायला सोळापट वेळ लागतो. म्हणून बारीक खरखर डोळ्यांदेखत नाहीशी होते आणि दोन-चार मिलिमीटरची लाट तशीच गोठून राहते.

मग सरळ रंगाचा जाड हात मारावा का? इथे गुरुत्वाकर्षण आडवं येतं. उभ्या पत्र्यावरून खाली वाहणारा रंगही जाडीच्या घनानेच वाढतो. थर दुप्पट केला की सपाट होण्याचा वेग आठपट आणि ओघळण्याचं प्रमाणही आठपट. चांगला रंगारी याच दोघांच्या मधल्या अरुंद पट्टीत काम करतो. ओघळ सुटायच्या अगदी अलीकडे थांबणारा ओला थर त्याला हवा असतो, आणि त्याची नजर गनवर नसते, पत्र्यावर पडलेल्या दिव्याच्या प्रतिबिंबावर असते. प्रतिबिंबाची कड फाटकी असेल तर हात कोरडा पडतोय. कड जुळून आली की तिथे आणखी रंग मारायचा नाही.

म्हणूनच पहिला हात हलका, धुरळ्यासारखा मारतात. त्यातलं थिनर (रंग पातळ करणारं द्रावण) उडून तो चिकट होतो आणि पुढच्या ओल्या थराला धरून ठेवतो. रंगाच्या दोन हातांमध्ये पाच-दहा मिनिटं थांबायचं तेही यासाठीच. घाई केली तर खालचं थिनर वरच्या थराखाली अडकतं आणि नंतर बुडबुडे काढत बाहेर पडतं. घरी स्प्रे कॅनने आरशाचं कव्हर किंवा व्हीलकॅप रंगवणाऱ्याला भौतिकशास्त्र एक सोपी सवलत देतं: वस्तू आडवी ठेवा. सपाट होणं चालूच राहतं, ओघळ मात्र जवळजवळ थांबतो. धूळ बसू नये म्हणून जमिनीवर आधी पाणी शिंपडावं. कॅन पंचवीसेक सेंटिमीटरवर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला, आणि बटण वस्तूच्या बाहेर दाबायचं, बाहेरच सोडायचं.

या सगळ्याचं घड्याळ थिनर चालवतं, आणि थिनर हवेच्या हुकमात. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांकडे गेला की थेंब पत्र्यावर पोहोचेपर्यंतच अर्धे सुकतात. त्यांना मिसळायला वेळच मिळत नाही. जुलैतल्या चिपळूणला उलटी अडचण. थिनर उडताना पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातं आणि रंग हवेपेक्षा थंड होतो. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते) सुमारे २६ अंशांवर असतो, म्हणजे रंग केवळ चार अंशांनी थंड झाला की हवेतलं पाणी त्याच्यावर धरतं. लवकर सुकणाऱ्या नायट्रोसेल्युलोज रंगावर पांढुरकी झाक येते ती यामुळे. उष्म्यात सावकाश उडणारं थिनर वापरायचं आणि पावसाळ्यात सुकणं लांबवणारा रिटार्डर घालायचा, किंवा सरळ कोरड्या दिवसाची वाट पाहायची. गनला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या टाकीत साठलेलं पाणीही रोज काढावं. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बाहेर पडते आणि ते पाणी गनमधून थेट रंगात जातं.

पृष्ठताण जसा मदतीला येतो तसाच तो उलटतोही. टायरचं किंवा डॅशबोर्डचं सिलिकॉन पॉलिश पुसलेल्या फडक्यातून त्याचा अंश पत्र्यावर राहिला, तर त्या जागी पृष्ठताण कमी होतो. द्रव कमी ताणाकडून जास्त ताणाकडे ओढला जातो. याला मारांगोनी परिणाम म्हणतात. रंग त्या ठिपक्यापासून गोल मागे सरतो आणि मध्ये खड्डा पडतो. वर कितीही रंग मारा, तो भरत नाही. घासायचा पॉलिश पेपर मारण्याआधीच पत्रा ग्रीस-रिमूव्हरने पुसायला हवा, कारण आधी घासलं तर सिलिकॉन ओरखड्यांत आणखी खोल भरतं.

बंपरची गोष्ट पत्र्यापेक्षा वेगळी आहे. काढलेल्या बंपरची आतली बाजू पाहा. तिथे बहुतेक वेळा साच्यातच उठवलेलं पीपी आणि ईपीडीएम असं लिहिलेलं सापडतं, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आणि त्यात मिसळलेलं रबर. पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा, म्हणजे द्रवाला आपल्यावर पसरवून घेण्याची ताकद, सुमारे ३० मिलिन्यूटन प्रति मीटर इतकी कमी असते. पाणी त्यावर पसरत नाही, आणि रंग पसरला तरी त्याला धरायला रासायनिक हात नसतात. कारखान्यात म्हणूनच बंपरवरून क्षणभर ज्योत फिरवतात. तिने वरच्या रेणूंना ऑक्सिजन जोडला जातो आणि रंगाला पकड मिळते. गॅरेजमध्ये हे काम प्लॅस्टिक प्रायमर करतो. त्यातलं क्लोरिनयुक्त पॉलिओलेफिन एका बाजूने प्लॅस्टिकशी आणि दुसऱ्या बाजूने रंगाशी जुळतं. खरचटून उघडं पडलेलं प्लॅस्टिक या प्रायमरशिवाय रंगवलं, तर गाडी धुताना पाण्याच्या प्रेशरनेच पापुद्रे सुटतात. अशी ‘बचत’ मला अजिबात पटत नाही, कारण प्रायमरचा खर्च पूर्ण कामाच्या मानाने अगदी थोडा असतो.

मेटॅलिक रंग न जुळण्याचं कारणही ओल्या मिनिटांतच सापडतं. त्यात ॲल्युमिनियमच्या चकत्या असतात. थर आकसताना त्या आडव्या पडल्या तर प्रकाश सरळ परततो आणि रंग उजळ दिसतो. थर फार ओला पडला तर चकत्या तरंगून तिरप्या होतात आणि तोच कोड गडद दिसतो. त्यामुळे आधी वेगळ्या पत्र्याच्या तुकड्यावर मारून, उन्हात दोन कोनांतून पाहणारा रंगारी वेळ घालवत नसतो.

हार्डनर घातलेल्या क्लिअरबद्दल, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराबद्दल, मात्र कळकळीने सांगायचं आहे. हार्डनरमधले आयसोसायनेट नावाचे रासायनिक घटक थर नुसता सुकण्याची वाट न पाहता रासायनिक जाळं विणतात, म्हणून ते पेट्रोललाही पुरून उरतं. पण फवारलेले हेच आयसोसायनेट श्वासात गेले तर कायमचा दमा जडू शकतो. एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अत्यल्प मात्राही त्रास देते, आणि वासावरून धोका वेळेत ओळखता येत नाही. आपल्याकडच्या कित्येक गॅरेजांत रंगारी नाकाला रुमाल बांधून दिवसभर हे फवारतात. रुमाल आणि धुळीचा साधा मास्क इथे निरुपयोगी आहेत. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि हवा खेचणारा बूथ लागतो. घरच्या गच्चीवर हार्डनरचं क्लिअर फवारूच नये. गॅरेज निवडताना रंगलेले नमुने पाहालच, तेव्हा गन धरणाऱ्याच्या तोंडावर काय आहे तेही पाहा, आणि रुमाल असेल तर मालकाला विचारा.