पंखांचा वेदीफलक

चर्चमधल्या वेदीच्या मागच्या कडेवर उभारलेला, बिजागऱ्यांवर फिरणाऱ्या पंखांनी उघडमीट होणारा चित्र-शिल्पफलक. साधारण १३०० पासून सोळाव्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मसुधारणेपर्यंत जर्मन प्रदेश, नेदरलंड्स आणि बाल्टिक किनाऱ्यावर तो रुजला. मिस्सेसाठी, म्हणजे वेदीवरच्या ख्रिस्ती उपासनेसाठी, फलक हवाच असे बंधन नव्हते. वेदी कोणत्या संताची आहे हे चित्राने, मूर्तीने वा लेखाने कळावे, एवढेच जर्मनीतल्या ट्रियरच्या धर्मसभेने १३१० मध्ये बजावले होते.

तळाशी प्रेडेला ही बुटकी पेटी असते. तिच्यामुळे वरचा भाग उंच होतो आणि फिरणारे पंख वेदीवरच्या मेणबत्त्यांना अडत नाहीत. तिच्यावर मूर्तींची खोल पेटी आणि दोन्ही अंगांना तिच्या निम्म्या रुंदीचे पंख. म्हणजे उघडल्यावर रुंदी दुप्पट. पंख मिटायचे असल्याने त्यांच्या आतल्या अंगावर उभ्या मूर्ती सहसा नसतात. उथळ उठाव किंवा चित्रेच असतात. पंखांच्या दोन जोड्या असल्या की रूपे तीन होतात.

घरच्या देव्हाऱ्याची दारे रोज उघडतात. हा फलक मात्र बहुतेक दिवस मिटलेलाच असे. तेव्हा दिसणारी बाहेरची चित्रे पुष्कळदा करड्या, दगडी छटांत रंगवलेली. मधले रूप रविवारी, सोनेरी आतले रूप नाताळ, ईस्टर किंवा वेदीच्या संताच्या सणाला, असा ढोबळ क्रम. प्रायश्चित्तकाळात सगळे बंद. प्रत्यक्ष नियम मात्र चर्चगणिक वेगळे. न्यूरेंबर्गच्या सेंट सेबाल्ड (१४८२) आणि सेंट लॉरेन्झ (१४९३) या चर्चच्या सेवकांसाठी लिहिलेल्या कामाच्या वह्यांत कोणत्या सणाला कोणती वेदी उघडायची, हेही नोंदले आहे.

अल्सासमधल्या इझेनहाइमचा फलक अँटनीपंथी मठातला; तिथे अर्गटच्या (धान्यावरच्या बुरशीच्या) विषबाधेचे, म्हणजे ‘संत अँटनीच्या आगीचे’ रोगी येत. ग्रुनेवाल्टने १५१२ ते १५१६ दरम्यान रंगवलेल्या या फलकावर मिटल्यावर क्रूसावरचा जखमांनी भरलेला ख्रिस्त दिसतो, पहिल्या उघडीत जन्म व पुनरुत्थान, आणि सर्वांत आत हागेनाउअरने कोरलेला अँटनी. क्रूस मध्यावर नसून किंचित उजवीकडे आहे, त्यामुळे पंखांची फट ख्रिस्ताच्या धडातून जात नाही.

दोन्ही अंगे रंगवण्यात शोभेइतकीच सुतारकीची निकड होती. खडू व सरसाचा थर एकाच बाजूला दिला, तर दुसरी बाजू दमट हवा शोषते आणि फळी वाकते. तरीही पावसाळी दिवसांत लाकूड आडवे फुगून चौकटीला घासते, सांध्यावरचा रंग उडतो. कोरीव पंख जड. बिजागरी ढिली पडली की मोकळा कोपरा खाली घसरून प्रेडेलाच्या माथ्याला खरवडतो.

संग्रहालयांना दोन्ही बाजू एकदम दाखवायच्या असतात. तेव्हा बर्लिनमध्ये असलेले, व्हान आयक बंधूंच्या गेंट फलकाचे पंख त्यासाठी १८९४ मध्ये जाडीतून करवतीने चिरले गेले. इझेनहाइमचे भाग कोल्मारच्या संग्रहालयात सुटे मांडले आहेत. गोव्यातल्या चर्चमधले सोनेरी वेदीफलक पोर्तुगीज घडणीचे, स्थिर. त्यांना पंखच नाहीत. मूळ जागी पाहायचा तर कलावंत मिखाएल पाखरचा ऑस्ट्रियातल्या सांक्ट व्होल्फगांग इथला फलक (१४८१) आहे, किंवा पोलंडच्या क्राकोव्हमधला शिल्पकार फाइट श्टोसचा (१४७७–८९), सुमारे १३ मीटर उंचीचा. तो आजही रोज दुपारी बाराच्या सुमारास उघडला जातो.