ना हरकत मिळाली म्हणजे परवानगी मिळाली असे नाही

श्रावण सरत आला की सोलापुरातल्या मंडळांच्या बैठकींत एक वाक्य हमखास कानी पडते : "पोलिसांची एनओसी आली, परमिशनचं काम झालं." बोलणारा खोटे बोलत नसतो. त्याने दोन निराळे कागद एकाच शब्दात कोंबलेले असतात, आणि हे लक्षात येते तेव्हा मांडवाचे खांब उभे राहून छतावर कापड चढलेले असते. मंडळांचे अर्ज लिहून देण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. दरवर्षी हाच घोळ नव्या पोरांना तोंडी समजावून सांगण्यापेक्षा तो एकदा लिहून ठेवलेला बरा.

परवाना म्हणजे काय, हे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. गाडी चालवणाऱ्याला किंवा दुकान थाटणाऱ्याला तो ठाऊकच असतो : ज्याच्या हाती अधिकार आहे ते कार्यालय आपल्या नावाने लेखी मुभा देते, तिला मुदत आणि अटी असतात, बहुधा शुल्कही असते, आणि अट मोडली तर तेच कार्यालय ती मुभा काढून घेते.

ना हरकत दाखल्याचे तसे नाही. तो मुळात एका कार्यालयाने दुसऱ्या कार्यालयाला दिलेला जबाब असतो. अमुक ठिकाणी मांडव घातल्यास आमच्या विषयापुरती, म्हणजे वाहतुकीपुरती, बंदोबस्तापुरती किंवा आगीच्या धोक्यापुरती, आम्हांला अडचण दिसत नाही, एवढेच तो सांगतो. मांडव घाला असे तो सांगत नाही, कारण तसे सांगण्याचा अधिकार तो देणाऱ्याकडे त्या बाबतीत नसतोच. वाटणीच्या वेळी भावाने हरकत घेतली नाही, म्हणून सातबारा आपोआप आपल्या नावावर होत नाही. त्यासाठी फेरफार मंजूर व्हावा लागतो, आणि तो मंजूर करणारा भाऊ नसतो. शेतीच्या कागदांत हा फरक ज्यांना झोपेत विचारला तरी सांगता येतो, तीच माणसे मांडवाच्या कागदांत मात्र भावाच्या सहीवर समाधान मानतात, याचे मला दरवर्षी नवल वाटते.

खरी ठेच पुढे लागते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे सणासमारंभासाठी रस्त्यावर तात्पुरता मांडव उभारण्याची लेखी परवानगी महापालिका आयुक्त देतात. पण जिथे पोलीस आयुक्त नेमलेले आहेत तिथे ती त्यांच्या संमतीने द्यायची असते. सोलापूर शहराला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय असल्यामुळे इथल्या रस्त्यावरच्या मांडवाबाबत पोलीस हे संमती देणारे आणि महापालिका ही परवानगी देणारी ठरते. आता त्याच मांडवात ध्वनिक्षेपक लावायचा झाला की पारडे फिरते. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे त्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि आपल्याकडे ती पोलिसांकडून घ्यायची असते. विसर्जनाला लेझीमचा ताफा काढायचा तर मिरवणुकीच्या मार्गाची आणि वेळेची परवानगीही महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली पोलिसांकडूनच येते. म्हणजे फौजदार चावडी असो की जोडभावी पेठ, एकाच ठाण्यातून, एकाच गोल शिक्क्याचे कागद बाहेर पडतात, आणि त्यांतला मांडवाचा कागद नुसती ना हरकत असतो, तर ध्वनिक्षेपकाचा कागद हा खराखुरा परवाना असतो. शिक्का तोच, टेबल तेच, कधी सहीसुद्धा तीच. माणूस फसतो तो इथे. त्यामुळे "पोलिसांचे झाले का?" हा प्रश्नच मुळात अपुरा आहे, पोलिसांचे कशासाठी झाले, हे विचारायला हवे.

एका नवरात्रात आमच्याच मंडळाने हा धडा घेतला. मांडव उभा राहिल्यावर तिसऱ्या दिवशी तपासणीचे पथक आले. आमच्या सचिवाने मोठ्या तोऱ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढून पुढे केला. समोरच्या अधिकाऱ्याने तो वाचलाही नाही. नुसते बोट ठेवले. कागदाच्या डोक्याशी 'प्रति' या शब्दाखाली आमचे नाव नव्हते, परवानगी देणाऱ्या कार्यालयाचे होते. आमचे नाव होते तळाशी, डाव्या कोपऱ्यात, 'प्रत माहितीसाठी' या ओळीखाली. ज्या पत्राच्या जोरावर आम्ही रस्ता अडवला होता, ते आम्हांला लिहिलेलेच नव्हते. चूक पूर्णपणे आमची होती, आणि ती निस्तरताना रात्रीतून अर्धा मांडव आत सरकवावा लागला.

तेव्हापासून कुठलाही कागद हाती आला की मी आधी 'प्रति' पाहतो. पत्र आपल्याला उद्देशून आहे की दुसऱ्या खात्याला, यावरच निम्मे कळते. मग क्रियापद पाहावे : 'हरकत नाही' आणि 'परवानगी देण्यात येत आहे' या दोन वाक्यांत कमीअधिकपणाचा फरक नाही, ती वेगळ्याच जातीची वाक्ये आहेत. आणि शेवटी मापे पाहावीत. खऱ्या परवानगीत मांडवाची लांबी-रुंदी, जागा आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे नेमके असते; ना हरकतीत ते बहुतेक वेळा मोघम असते, कारण मोजमाप ठरवणे हे ती देणाऱ्याचे कामच नसते.

'एक खिडकी' या शब्दाने तर गोंधळात भर घातली आहे. एका खिडकीवर सगळे अर्ज स्वीकारले जातात, एवढाच तिचा अर्थ. खेटे वाचतात, अधिकार मात्र एकत्र होत नाहीत. खिडकीवरून परत येणाऱ्या गठ्ठ्यात कोणता कागद कोणाचा, हे तरीही वेगवेगळे तपासावेच लागते. मी एकाच फायलीत दोन भाग करतो, पुढे परवाने आणि मागे ना हरकती, आणि ते मिसळणाऱ्या कार्यकर्त्यावर खुशाल रागावतो.

बाकीचे फरक फारसे अवघड नाहीत. अर्जाची पोच ही फक्त पोच असते. मैदानाच्या भाड्याची पावती म्हणजे जागा मिळाल्याचा पुरावा. त्या जागेवर ध्वनिक्षेपक लावायचा तर परवाना वेगळाच. खासगी जागेच्या मालकाचे संमतीपत्र हे ना हरकतीचेच घरगुती रूप. महावितरणने तात्पुरती जोडणी दिली, म्हणजे विजेचा प्रश्न मिटला. मांडव कायदेशीर झाला नाही. वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याचा रस्त्याशी काही संबंध नाही.

रात्रीच्या सवलतीबद्दल मात्र थोडे सांगायला हवे, कारण तीही परवान्याच्या वेषात फिरते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य शासन वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा रात्री १२ पर्यंत शिथिल करू शकते. असे दिवस जाहीर झाले की भ्रमणध्वनीवर संदेश फिरू लागतात, "आज बारापर्यंत परवानगी आहे." परवानगी कुणालाच मिळालेली नसते, फक्त वेळेची आडकाठी दोन तास मागे सरकलेली असते. ज्या मंडळाकडे ध्वनिक्षेपकाचा लेखी परवाना नाही, त्याला संध्याकाळी ७ वाजताही वाजवता येत नाही, मग ११ ची गोष्ट कशाला? आवाजाची पातळीही या सवलतीने वाढत नाही. निवासी भागाचे मानक दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलचे आहे; बोळात समोरासमोर लावलेल्या भिंतीएवढ्या पेट्या त्यात कशा बसवायच्या, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही, आणि माझ्या मते त्या बसतच नाहीत.

अर्जाच्या क्रमाबद्दलही आमच्यात नेहमी वाद होतो. आधी पोलीस, मग महापालिका, असा जुन्या कार्यकर्त्यांचा आग्रह असतो. मी दोन्हीकडे एकाच दिवशी अर्ज देतो आणि प्रत्येक अर्जात दुसरा अर्ज कोणत्या तारखेला कुठे दिला ते लिहितो, म्हणजे संमती कुठे अडली आहे ते विचारायला सोपे जाते. मांडवाचा नकाशा दोन्ही अर्जांना एकच जोडावा, त्यात रुग्णवाहिका जाण्याइतकी मोकळी वाट मापासह दाखवावी, आणि गेल्या वर्षीच्या ना हरकतीची झेरॉक्स पुन्हा लावण्याचा मोह टाळावा. ती गेल्या वर्षीच्या रस्त्याबद्दल होती.