ट्रॉलरची सबसिडी ते बर्फाची पेटी : गोव्यातल्या मासळीवरच्या सरकारी पैशाची पार्श्वभूमी

मासळीच्या धंद्याला सरकारी मदत म्हटलं की हल्ली सगळे थेट केंद्राच्या २०२० च्या मत्स्यसंपदा योजनेपासून सुरू करतात, जणू त्याआधी काही नव्हतंच. पण एलईडी दिवे लावून मासेमारी, थवा घेरून उचलणारी पर्ससीन जाळी, डिझेलचा परतावा कोणाला, ही जी भांडणं आज जेटीवर ऐकू येतात त्यांचं मूळ मुक्तीनंतरच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांत आहे, ट्रॉलरला, म्हणजे तळाशी जाळं ओढणाऱ्या यांत्रिक बोटीला, सबसिडी आणि स्वस्त कर्ज द्यायचं ठरलं त्यात. पोर्तुगीज काळाचं इथे फार काही सांगायची गरज नाही. किनाऱ्यावरून जाळं ओढायची रापण होती, होड्या होत्या, पावसाळ्यासाठी खारवलेली-सुकवलेली मासळी होती.

१९६१ नंतर गोवा पंचवार्षिक योजनांमध्ये आला आणि तेव्हा देशभर एकच वारं होतं, यांत्रिकीकरण. केरळात १९५३ पासून नॉर्वेच्या मदतीने प्रकल्प चालू होता, तिथे यांत्रिक बोटी आणि ट्रॉलिंग रुजलं, आणि सुंगटांना, म्हणजे कोळंबीला, परदेशात काय भाव येतो ते सगळ्यांना दिसलं. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, त्यामुळे निर्यात आणखीनच परवडायला लागली, अमेरिका आणि जपान गोठवलेली कोळंबी मागेल तेवढी घेत होते. सरकारला परकीय चलन हवं होतं, मग बोटीला पैसा द्या, इंजिनाला द्या, बर्फाच्या कारखान्याला द्या.

कागदावर हे सगळं मच्छीमारासाठी. पण ट्रॉलर घ्यायचा तर स्वतःचा हिस्सा भरावा लागतो, तारण लागतं, जामीन लागतो. रापणकाराकडे काय होतं? जाळ्यातला वाटा. त्यामुळे दुसऱ्या धंद्यातून ज्यांच्या हातात पैसा होता, ज्यांनी आयुष्यात जाळं ओढलं नव्हतं, अशी बरीच मंडळी ट्रॉलरमालक झाली. खारव्यांपैकी, म्हणजे पिढीजात मच्छीमारांपैकी, काहींनी घेतले, नाही असं नाही, आणि त्यातले काही चांगले सावरलेसुद्धा, पण ज्यांच्या नावाने योजना काढली ते बहुतेक किनाऱ्यावरच राहिले.

रापण ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की होडीतून जाळं अर्धगोल सोडून येतात आणि मग दोन्ही टोकांना वीस-पंचवीस, कधी त्याहून जास्त माणसं लागून वाळूवरून ओढतात, वाटे ठरलेले असतात, जाळ्याचा वेगळा, होडीचा वेगळा, आणि ओढायला हात लावणारा म्हातारा असो की पोर, चार बांगडे घेऊनच घरी जातो. हे सगळं मासळी किनाऱ्याजवळ आली तरच चालतं. ट्रॉलर मात्र सुंगटांसाठी तळ खरवडत त्याच उथळ पाण्यात यायला लागले, कारण सुंगटं तिथेच. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून मग व्हायचं ते झालं, जाळी तुटली, समुद्रात मारामाऱ्या, बोटी जाळल्या, पणजीत मोर्चे आणि उपोषणं.

आता येतो पाच फॅदमचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळा गुंता इथेच आहे. रापणकारांची मागणी होती की पाच फॅदम खोलीच्या आत ट्रॉलर नको, म्हणजे तीस फूट पाणी, साधारण नऊ मीटर. ऐकायला स्पष्ट वाटतं पण खोली ही काही किनाऱ्यापासूनच्या अंतरासारखी सरळ जात नाही, कुठे ती रेघ लवकर लागते, नदीच्या मुखाशी गाळ असेल तर बरीच बाहेर जाते, शिवाय भरती-ओहोटी आहेच. आणि ती रेघ समुद्रात दिसत नाही. १९८० मध्ये सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा आला, केरळ आणि गोवा ही असा कायदा करणारी देशातली पहिली, तरी रेघ कुठली हा वाद थांबला नाही, आज बातम्यांत बघाल तर पाच किलोमीटर लिहिलेलं असतं, जुनी माणसं अजून फॅदमच म्हणतात. ट्रॉलरवाल्याला पकडलं तर तो म्हणणार मी बाहेर होतो, रापणकार म्हणणार आत होता, आणि मोजायला तिथे सरकारी बोट बहुतेक वेळा नसतेच. बोट काढायला पैसा मिळाला पण तिच्यावर नजर ठेवायला त्या प्रमाणात कधीच मिळाला नाही, हे माझ्या मते त्या निर्णयाचं खरं अपयश. ट्रॉलर आणायलाच नको होते असं म्हणणारेही आहेत, मला ते पटत नाही, निर्यातीने शेकडो घरं चालली. पण सबसिडी आधी आणि नियम पंधरा वर्षांनी, हा क्रम उलटा होता.

त्यानंतर सरकारने दोन्ही बाजूंना राजी ठेवायचा मार्ग धरला. ट्रॉलरला डिझेलवरच्या कराचा परतावा, होडीवाल्याला आउटबोर्ड मोटर आणि तिच्या इंधनाला मदत. झालं असं की मोटरवाली होडीपण पारंपरिक आणि वल्ह्याची होडीपण पारंपरिक, म्हणजे मदतीच्या रांगेत दोघे एकत्र, समुद्रात मात्र दोघांची गोष्ट एकदम वेगळी. मग मिनी पर्ससीन आलं, बांगडा-तारलीचा अख्खा थवा एकदम उचलणारं, आणि पुढे एलईडीचे दिवे. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांच्या १२ सागरी मैलांच्या पलीकडेही एलईडीवर बंदी घातली. गोव्याच्या बोटी दिवे लावून आमच्या हद्दीत येतात म्हणून मालवणवाले ओरडतात, त्यांच्या तक्रारीत तथ्य नाही असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

२०१५ नंतर सगळं भराभर झालं. आधी केंद्राची नीलक्रांती योजना, २०१८ मध्ये मासेमारीच्या पायाभूत सुविधांचा ७,५०० कोटींच्या वरचा निधी, किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांना, २०१९ मध्ये केंद्रात वेगळं खातं, आणि २०२० मध्ये २०,०५० कोटींची मत्स्यसंपदा. मध्येच जुलै २०१८ चा गोंधळ, मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन वापरतात या संशयाचा, बाहेरची मासळी काही दिवस बंद, मडगावच्या घाऊक बाजारापासून विधानसभेपर्यंत दुसरा विषय नव्हता. त्या प्रकाराने लोकांना कळलं की आपण खातो त्यातली केवढी मासळी बाहेरून येते, आणि मग बर्फ, इन्सुलेटेड गाड्या, साठवण याची चर्चा सुरू झाली. त्याआधी पैसा म्हणजे मुख्यतः बोट आणि जेटी.

नव्या योजनेत हिशोब साधा आहे. सर्वसाधारण गटाला खर्चाच्या ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६०. खोल समुद्रातल्या बोटीचा खर्च धरलाय १ कोटी २० लाख, म्हणजे सबसिडी ४८ लाख, महिलेच्या नावावर असेल तर ७२. (नावावर असणं आणि मालकी असणं यात फरक असतो, पण ते असो.) बर्फाची पेटी लावलेली मोटरसायकल ७५ हजारांची, त्यावर महिलेला ४५ हजार. आणि १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस ट्रॉलर बंद असतात, तर बंदीच्या काळासाठी गरीब मच्छीमाराला महिना १,५००, तेही त्यात तिसरा हिस्सा त्याचाच, आधी साठवलेला. त्यात सबसिडी बहुतेक काम झाल्यावर हातात येते, म्हणजे आधी कर्ज किंवा स्वतःचे पैसे घाला, बिलं जोडा, मग वाट बघा. बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला कर्जाशिवाय हे जमेल का, हा १९६५ मध्ये ट्रॉलरच्या वेळी होता तोच प्रश्न.

बाहेरून दबाव वेगळाच. जागतिक व्यापार संघटनेत जून २०२२ मध्ये मासेमारीच्या सबसिडीवर करार झाला, सप्टेंबर २०२५ पासून तो लागू आहे, भारताने अजून मान्य केलेला नाही. जास्त बोटी आणि जास्त मासेमारीला बळ देणाऱ्या मदतीवर पुढची बोलणी अडकली आहेत, भारत विकसनशील देशांसाठी २५ वर्षांची सवलत मागतोय, लहान मच्छीमाराच्या नावाने. डिझेलचा परतावा त्या बोलण्यांत कुठल्या खात्यात पडतो यावर गोव्यातल्या कुटबण आणि मालीमच्या जेटीवरच्या ट्रॉलरमालकांचं बारीक लक्ष आहे, रापणकारांचं फार नाही, कारण त्यांना तो मिळतच नाही.