तोस्कानिनींचा 'देवदूत' कोण?

इटालियन सोप्रानो (सर्वात उंच पट्टीत गाणाऱ्या ऑपेरा गायिका) रेनाता तेबाल्दी यांचं नाव निघालं की हमखास सांगितलं जातं: ख्यातनाम वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनींनी त्यांचं गाणं ऐकून 'देवदूताचा आवाज' अशी दाद दिली. तसं घडलेलं नाही. बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेलं मिलानचं ला स्काला ऑपेरागृह ११ मे १९४६ रोजी पुन्हा उघडलं, त्या मैफलीच्या तालमीतली ही गोष्ट. संगीतकार वेर्दीच्या 'ते देउम' या प्रार्थनागीतात अगदी शेवटी एकटी सोप्रानो गाते. ती ओळ वरून, स्वर्गातून आल्यासारखी वाटावी म्हणून तोस्कानिनींनी तेबाल्दींना कोरसच्याही वर उभं केलं. देवदूताचा उल्लेख त्या ओळीपुरता होता, हे तेबाल्दींनी स्वतःच पुढे स्पष्ट केलं. एवढा मोठा मान असा प्रामाणिकपणे नाकारणं मला फार मोलाचं वाटतं. बिरुदावाचून त्यांचं काही अडलंही नाही. १९५५ ते १९७३ त्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये गायल्या. पहिली भूमिका वेर्दीच्या 'ओतेल्लो'मधल्या डेस्डेमोनाची, शेवटचीही तीच.